फिनिक्सचा पहिला उन्हाळा: आभाळाकडे कधी आणि कुठे बघायचं

अ‍ॅरिझोनात फिनिक्सच्या उपनगरांत, चँडलर-गिल्बर्टकडे दरवर्षी मे-जूनमध्ये आपली नवी कुटुंबं येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: इथं पाऊस कधी? कागदोपत्री १५ जून ते ३० सप्टेंबर. राष्ट्रीय हवामान सेवेनं २००८ पासून तसं ठरवून टाकलंय. पण १५ जूनला आभाळाकडे डोळे लावून बसू नका. जून इथला सगळ्यात कोरडा महिना. पाऊस खरा येतो जुलैत, आणि तोही झड लावत नाही. आपल्याकडच्या वळवासारखा येतो: वारा, धूळ, कडकडाट, अर्धा तास धो धो, आणि दोन मैलांवर थेंब नाही. अख्ख्या मोसमाची सरासरी अडीच इंचांच्या आतच. २०२३ मध्ये तर जेमतेम ०.१५ इंच पडला.

फोनवरचं ‘२० टक्के पाऊस’ बघून काही ठरवू नका. बघायचा तो दवबिंदू, म्हणजे हवेत बाष्प किती आहे ते सांगणारं तापमान. पूर्वी तो सलग तीन दिवस सरासरी ५५ फॅरनहाइटवर राहिला की मान्सून सुरू झाला असं इथं धरत. जूनमध्ये तो विशी-तिशीत लोळत असतो. मग कॅलिफोर्नियाच्या आखातातून दमट हवा वर सरकते, आकडा पन्नाशी ओलांडतो आणि अंगाला चिकचिक जाणवते. घराला नागपुरी थाटाचा पाण्याचा कूलर असेल तर जूनमध्ये तो झकास चालतो आणि जुलैत साफ हात टेकतो. घर भाड्यानं घेताना एसी आहे का, हे आधी विचारा. फिनिक्स शहराच्या नियमानं भाड्याच्या घरातला एसी खोली ८२ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड ठेवू शकला पाहिजे.

दमटपणा आला म्हणजे पाऊस आला, असंही नाही. उच्च दाबाचं मोठं क्षेत्र ईशान्येला, अ‍ॅरिझोना, युटा, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं मिळतात त्या कोपऱ्यावर बसलं, तर वारे पूर्वेकडून येतात आणि डोंगरावरची वादळं आपल्या फिनिक्सच्या खोऱ्याकडे ढकलतात. तेच क्षेत्र डोक्यावर येऊन बसलं की ढग दबतात आणि पारा चढतो. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस ११० अंश किंवा त्याहून जास्त होते, आणि १९ जुलैला तर पहाटेचं किमान तापमानही ९७. विदर्भ-मराठवाड्यातल्यांना दुपारच्या उन्हाचं काही वाटत नाही, पण ही न निवणारी रात्र त्यांनाही जड जाते. उष्म्याचा तीव्र इशारा असला की कॅमलबॅकसारख्या डोंगरवाटा दिवसा बंद ठेवतात. त्या उगाच नाही.

रोजचा माझा रिवाज असा: सकाळी हवामान सेवेच्या फिनिक्स कार्यालयाची अंदाजामागची चर्चा वाचायची. अंदाज लिहिणारा स्वतःच तिथं कशाची खात्री नाही तेही सांगतो, म्हणून मला ती कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भरवशाची वाटते. मग दुपारी दोनच्या सुमारास रडारवर ईशान्येला, पेसनच्या वर मोगोयॉन कड्याकडे बघायचं. तिथं ढग फुगले असतील तर त्यांतून कोसळणारी थंड हवा संध्याकाळी खाली खोऱ्यात उतरू शकते. पाऊस तुमच्यापर्यंत येवो न येवो, वारा येतो. आग्नेयेला, कासा ग्रांदेच्या बाजूला वादळ झालं तर तोच वारा शेतांतली माती उचलतो. ५ जुलै २०११ची धुळीची भिंत अशीच आली, जवळजवळ मैलभर उंच.

त्या धुळीत गाडीत सापडलात तर डांबरी सोडून पूर्ण बाजूला जा, थांबा, हँडब्रेक ओढा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे बंद करायला कुणाचं मन होत नाही. पण मागचा माणूस तुमचे लाल दिवे बघून रस्ता तिकडेच आहे समजतो आणि येऊन आदळतो.

आणि कोरडे ओढे. डोंगरात पडलेलं पाणी आपल्याकडे लख्ख ऊन असतानाही येतं. रस्ता बंद करायला लावलेला अडथळा ओलांडून त्या पाण्यात गाडी घातली तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करणारा कायदा इथं १९९५ पासून आहे. लोक त्याला सरळ ‘मूर्ख वाहनचालक कायदा’च म्हणतात.

गणपती बहुतेक याच मोसमात येतात. संध्याकाळी मंडप उघड्यावर घालायचा असेल तर दुपारचं रडार बघितल्याशिवाय कनाती बांधू नका, आणि ध्वनिक्षेपक आत नेता येतील अशी जागा आधीच बघून ठेवा.