चहा आधी, निकोटिन गम नंतर

बिडी-सिगारेट सोडली की पहिले दोन-तीन दिवस तलफ फार छळते. व्हेपचा नाद नको, देशात ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे. जळगाव-धुळ्याकडे मेडिकलवर २ मिलिग्रॅमची निकोटिन गम मिळते. पण टपरीवरच्या चहासोबत चघळली तर ती नीट लागू पडत नाही, आणि लोक गमलाच नावं ठेवतात.

१. चहा आधी उरका, मग १५ मिनिटं थांबा.
२. गम हळू चावा. तोंडात झिणझिण्या आल्या की चावणं थांबवून गालात दाबून ठेवा.
३. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावा. अर्धा तास असंच.

भराभर चघळून लाळ गिळू नका, उचक्या आणि मळमळ होते. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.