‘एसजीएक्स डिसेबल्ड बाय बायोस’ दिसलं तर आधी काय बघायचं

लालबागच्या आमच्या अभ्यासिकेत सहा लॅपटॉप आहेत. सगळे लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले सेकंडहँड, सगळ्यांवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), आणि देखभाल माझ्याकडे. मागच्या रविवारी एका मुलाचा फोन आला, “ताई, तीन नंबरचा गेला. प्रोसेसरची सिक्युरिटी बंद आहे म्हणतोय.” मी पोचेपर्यंत त्याने बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये) शिरून दोन-तीन सेटिंग बदललीही होती. परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे त्याची घालमेल मला कळत होती. पण दुरुस्ती चुकीच्या जागी चालली होती.

काळ्या पडद्यावर एवढीच ओळ होती: ‘एक्स८६/सीपीयू: एसजीएक्स डिसेबल्ड बाय बायोस’. तिच्या आधी चौकोनी कंसात एक आकडा होता, ०.१८ च्या आसपास. सगळ्यात आधी हाच आकडा वाचा. कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू झाल्यापासून किती सेकंदांनी ती ओळ उमटली, हे तो सांगतो. म्हणजे ती ओळ पाव सेकंदाच्या आत येऊन गेली होती आणि मशीन त्यानंतरही पुढे चालत होतं. बाकीचे संदेश लपवलेले असल्यामुळे पडद्यावर तीच एकटी उरली. तिला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

एसजीएक्स ही इंटेलची सोय. २०१५ साली सहाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरबरोबर आली. मेमरीचा एक कप्पा असा कुलूपबंद ठेवायचा की खुद्द कर्नललाही आत डोकावता येऊ नये, ही तिची कल्पना. फेब्रुवारी २०२१ च्या ५.११ कर्नलपासून लिनक्स ती वापरू शकतो, म्हणून ती बंद दिसली की तसं कळवतो. हा संदेश ‘एरर’ दर्जाचा असल्याने ‘क्वाएट’ (बाकीचे संदेश लपवणारा शब्द) लावलं तरी दिसतो. अभ्यास, ब्राउझर, पीडीएफ यांतल्या कशालाच एसजीएक्स लागत नाही. २०१८ मध्ये ‘फोरशॅडो’ हल्ल्याने तो कप्पाही फोडता येतो हे दाखवलं, आणि ११व्या पिढीपासून इंटेलने घरगुती कोअर प्रोसेसरांतून ही सोय काढूनच टाकली. तेव्हा बायोसमध्ये जाऊन ती चालू करण्यात वेळ घालवू नका. मुलाने बदललेली सेटिंगं मी आधी पूर्ववत केली.

आता खरा चोर. मशीन सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा (उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा. उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द सापडतील. ते खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच राहतो, घाबरायचं कारण नाही. आता सगळे संदेश भराभर सरकताना दिसतील. जिथे थांबतील, तिथे वाचा.

आमच्याकडे ते थांबले ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ या ओळीवर. पुढे एका डिस्कचा लांबलचक क्रमांक आणि चालू घड्याळ, मर्यादा दीड मिनिट. मला लगेच उमगलं. आदल्या आठवड्यात टकटक वाजणारी जुनी हार्ड डिस्क मी काढली होती, पण ‘एफएसटॅब’ (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी) फाइलमधली तिची नोंद तशीच राहिली होती. मशीन नसलेल्या डिस्कची वाट बघत होतं. मुलगा दर वेळी दीड मिनिटाआधीच बटण दाबून बंद करत होता, त्यामुळे पुढचा पडदा त्याला कधी दिसलाच नाही.

दीड मिनिट जाऊ दिलं की ‘इमर्जन्सी मोड’ येतो. एंटर दाबा. ‘नॅनो’ या साध्या संपादकाने ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘एफएसटॅब’ उघडा आणि काढलेल्या डिस्कच्या ओळीआधी हॅशचं चिन्ह टाका. बाकीच्या ओळींना हात लावू नका, त्यातली एक मूळ डिस्कची असते. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स, मग ‘रीबूट’. बाहेरची डिस्क कधी लावायची, कधी नाही, असं असेल तर ओळ न खोडता तिच्या पर्यायांत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) जोडा.

तुमच्याकडे वेगळं कारण निघू शकतं. पडदा काळा पण पंखा चालू असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून लॉगिन होतंय का बघा. झालं, तर ‘डीएफ’ला ‘डॅश एच’ जोडून जागा तपासा. मूळ डिस्क शंभर टक्के भरली की लॉगिनचा पडदाच येत नाही, हे मी दोनदा पाहिलंय. तसं नसेल तर ग्राफिक्सचा संशय घ्या: ग्रबच्या त्याच ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या जागी ‘नोमोडसेट’ लिहून एकदा चालू करून बघा.

सगळं सुरळीत झाल्यावरही ती ओळ डोळ्यात खुपत असेल, तर ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधली ‘ग्रब’ फाइल ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने) लावून ‘नॅनो’ने उघडा. ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे, अवतरणचिन्हाच्या आतच, एक जागा सोडून ‘नोएसजीएक्स’ लिहा: इंग्रजी लहान अक्षरांत, सलग. मग ‘सुडो’ लावून ‘अपडेट-ग्रब’ चालवा आणि मशीन परत सुरू करा.