सैतान संगीतात आहे की मुखपृष्ठावर? : भूमिगत ब्लॅक मेटलची समीक्षा कशी लिहावी

ब्लॅक मेटल हा हेवी मेटल संगीताचा एक आक्रमक, बहुधा धर्मविरोधी प्रकार. मोठ्या बाजारपेठेबाहेर निघणाऱ्या, म्हणजे भूमिगत, ब्लॅक मेटलच्या एखाद्या नव्या डेमोवर (प्राथमिक ध्वनिमुद्रणावर) किंवा अल्बमवर लिहायला बसलेला समीक्षक उलटा क्रूस, बोकडाचे मुंडके आणि लॅटिन शीर्षक पाहून एक तर बिचकतो, नाही तर हा सगळा पोरखेळ आहे असे ठरवून तो हसण्यावारी नेतो. दोन्ही वेळी ऐकायचे राहूनच जाते. ज्या ध्वनिमुद्रणाने धर्म आणि सैतान हा आपला विषय म्हणून पुढे केला आहे, त्याच्याबाबत मुख्य प्रश्न असा की, तो विषय संगीताच्या घडणीत उतरला आहे, की केवळ वेष्टणावर राहिला आहे? समीक्षेतील बाकीची खटपट या प्रश्नाच्या उत्तरासाठीच करायची असते.

पहिल्या दोन वेळा गीतांचा कागद बाजूला ठेवूनच ऐकावे. या प्रकारातील गायन घशातून ओरबाडून काढलेले असते आणि शब्द तसेही क्वचितच कळतात. पण कागद हातात असला की डोळे वाचतात आणि कान सुट्टीवर जातात. आवाज मध्यम ठेवावा, कारण मोठ्या आवाजात कुठलाही ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान सलग मारा, भव्य वाटतो. एकदा स्पीकरवर आणि एकदा हेडफोनवर ऐकून मिनिट-सेकंदांसह टिपणे काढावीत. माझ्याकडे आलेल्या एका चार गाण्यांच्या कॅसेटवरची टिपणे अशी होती (रिफ म्हणजे गिटारवर पुनःपुन्हा येणारी छोटी स्वरावली) : ‘तिसरे गाणे. ०:०० पासून एकच रिफ, वरचा स्वर हलत नाही, खालचा उतरत जातो. २:३० : ड्रम निम्म्या गतीवर. ४:१० : सगळे थांबते, बारीक घंटा तीनदा, मग एकटी गिटार. उगाच वातावरणनिर्मिती.’ यातील शेवटच्या दोन शब्दांकडे मी पुढे येणार आहे.

ध्वनिमुद्रणाच्या दर्जाविषयी घाईने निकाल देऊ नये. खरखरीत, पातळ आवाज म्हणजेच अस्सल ब्लॅक मेटल ही समजूत जितकी पसरलेली आहे तितकी ती खरी नाही. १९९४ साली आलेले दोन नॉर्वेजियन अल्बम शेजारी ठेवून पाहावेत. डार्कथ्रोनचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ घरगुती फोर-ट्रॅक (चारच ध्वनिपट्ट्यांच्या) यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला आणि त्यात गिटारी व ड्रम एकाच करड्या थरासारखे ऐकू येतात. मेहेमचा ‘दे मिस्टेरीस डोम सातानास’ बर्गेन शहरातील ग्रीगहालेन या संगीतसभागृहात ध्वनिमुद्रित झाला आणि त्यातील ड्रमला मोठ्या वास्तूची खोली आहे. एकात अंगावर येणारी एकसुरी थंडी आहे, तर दुसऱ्यात आटिला चिहार या हंगेरियन गायकाचे धर्मविधीतील पठणाची आठवण करून देणारे घुमते गायन आहे. म्हणून ‘प्रॉडक्शन कच्चे आहे’ हे निरीक्षण झाले, मत नव्हे. त्या कच्चेपणामुळे काय ऐकू येते आणि काय बुडते, हे लिहिले की त्याचे मत होते. बेस मुळीच ऐकू येत नसेल आणि त्याची उणीवही भासत नसेल, तर तसे लिहावे. पण ज्या रिफचा सगळा डोलारा खालच्या स्वराच्या उतरणीवर उभा आहे, तिथे बेस हरवला असेल तर तो दोषच समजावा.

वर्णनात विशेषणांवर विसंबू नये. ‘काळोखी’, ‘थंडगार’, ‘दुष्ट’ हे शब्द या प्रकारातील जवळपास प्रत्येक ध्वनिमुद्रणाला लागू पडतात, त्यामुळे ते कशालाच लागू पडत नाहीत. ‘रिफ अत्यंत दुष्ट आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘ट्रेमोलोने, म्हणजे वेगाने पुनःपुन्हा, छेडलेला स्वर आठ आवर्तनांपर्यंत बदलत नाही आणि नवव्या वेळी तो अर्ध्या स्वराने खाली सरकतो तेव्हा पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटते’ असे लिहिले, तर वाचकाला तो दुष्टपणा तपासून पाहता येतो.

आता गीते वाचावीत, आणि इथे सर्वाधिक वेळ द्यावा. ‘सैतानी’ हा एक शब्द किमान चार वेगवेगळ्या भूमिका झाकतो. अँटन लाव्हे याने १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन केलेल्या चर्च ऑफ सेटनमध्ये सैतान हे माणसाच्या अहंतेचे आणि देहसुखाचे प्रतीक आहे. त्या पंथाला देव मान्य नाही आणि खरा सैतानही नाही. याउलट २००० नंतर ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणवल्या जाणाऱ्या ब्लॅक मेटलने सैतानाला खरोखरचे दैवत मानून प्रार्थना, शरणागती आणि मृत्यूची आराधना यांची भाषा आणली. तिसरी भूमिका इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातून आलेल्या अभिमानी बंडखोराची, आणि चौथी चर्चवरच्या निव्वळ रागाची, जिच्यात सैतान हा हाताशी आलेला दगड असतो. समोरचा बँड यांपैकी कुठे उभा आहे हे न ओळखता ‘गीते सैतानी आहेत’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय.

यासाठी बायबल उघडावे लागते आणि त्याचा कंटाळा करू नये. ईयोबाच्या पुस्तकातला सैतान देवाच्या दरबारात उभा राहून माणसावर आरोप करणारा आहे. उत्पत्तीमधल्या सर्पाला तिथे सैतान म्हटलेलेच नाही. आणि ‘ल्युसिफर’ हा शब्द यशयाच्या चौदाव्या अध्यायाच्या लॅटिन भाषांतरातून आला असून तिथला रोख बाबेलच्या राजावर आहे. लॅटिन शीर्षकेही शोधून पाहावीत. डेथस्पेल ओमेगा या फ्रेंच बँडच्या २००४ च्या अल्बमचे शीर्षक हे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधील ख्रिस्तोफर रेन या वास्तुशिल्पकाराच्या समाधिलेखाचे किंचित बदललेले रूप आहे : स्मारक हवे असेल तर सभोवार पाहा. कॅथेड्रल बांधणाऱ्याच्या गौरवाचे हे शब्द अशा बँडने उचलले की त्यांना येणारी धार मूळ लेख ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. अर्थात, अनेकदा शोधाअंती व्याकरण चुकलेले लॅटिन हाती लागते. तेही नोंदवावे, पण खिल्लीच्या सुरात नव्हे.

चिन्हांवर फार शाई खर्चू नये. उलटा क्रूस हे ख्रिस्ती परंपरेत प्रेषित पेत्राचे चिन्ह आहे, एवढे एका वाक्यात सांगून पुढे जावे.

गुन्हे आणि राजकारण यांच्याबाबत मात्र गोलमाल चालत नाही. १९९२ च्या जूनमध्ये बर्गेनजवळचे फान्टॉफ्ट येथील लाकडी चर्च जाळले गेले आणि १९९३ च्या ऑगस्टमध्ये मेहेमच्या गिटारवादकाचा खून झाला. हा इतिहास प्रत्येक नव्या डेमोच्या समीक्षेत झणझणीत फोडणी म्हणून घालण्याचे कारण नाही. परंतु हातातील ध्वनिमुद्रणात, आभारयादीत किंवा लेबलच्या इतर प्रकाशनांत वंशद्वेष दिसत असेल, तर तो ‘टोकाची कला’ म्हणून झाकता कामा नये. वर नावाजलेल्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या मूळ वेष्टणावरही स्वतःला ‘आर्य’ म्हणवणारे शब्द होते, आणि त्या अल्बमचे संगीत मला आवडते म्हणून ते पुसले जात नाहीत. धर्मावरचा हल्ला आणि माणसांच्या एखाद्या समूहावरचा हल्ला या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समीक्षकाने ही रेघ स्पष्ट ओढावी.

समीक्षक स्वतः श्रद्धाळू असो वा नास्तिक, ते लपवण्याची गरज नाही. एका वाक्यात सांगून टाकावे. कॅसेट, व्हिनाइल की डिजिटल यांपैकी कशावर ऐकले, एकूण लांबी किती आणि गाण्यांचे शब्द सोबत दिले आहेत का, ही माहिती सुरुवातीला द्यावी. गुण देणे मी सोडले आहे, पण देणाऱ्यांशी माझे भांडण नाही.

लिहून झाल्यावर टिपणे आणि गीते एकत्र ठेवून पुन्हा एकदा सगळे ऐकावे. त्या कॅसेटवरील तिसऱ्या गाण्याचे शब्द वाचल्यावर लक्षात आले की, गाणे कॅथलिक मिस्साच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधीच्या, क्रमाने चालले आहे आणि घंटा वाजते ती धर्मगुरू पवित्र भाकर उंच धरतो त्या जागी. नेमक्या त्याच क्षणी गायक काहीच बोलत नाही. जिथे ईशनिंदा सर्वांत सोपी होती तिथे त्याने रिकामी जागा ठेवली आहे. ‘उगाच वातावरणनिर्मिती’ हा शेरा मी वहीतून खोडला नाही. नवा त्याच्या खाली लिहिला आणि समीक्षेत दोन्ही दिले, कारण शब्दांविना ऐकणाऱ्याला ती घंटा उगाचच वाटणार आहे.