छोट्या लाकूडकामासाठी करवत कशी निवडावी

फोटोची चौकट, पक्ष्यांसाठी लाकडी घर, भिंतीवरची लहान मांडणी असे काही करायला घेतले की पहिला प्रश्न करवतीचा येतो. त्याचे उत्तर हत्यारांच्या यादीत न शोधता आपल्या आराखड्यात शोधावे, असे माझे ठाम मत आहे. कारण कोणती करवत लागेल हे लाकडापेक्षाही त्यावर घ्यायच्या कापावरून ठरते.

पायरी १ : कापांची नोंद करावी. आराखड्यातील प्रत्येक काप सरळ आहे की वळणाचा, तो तंतूंच्या दिशेने उभा जातो की तंतूंना छेदून आडवा, लाकडाची जाडी किती आणि कापलेली कड शेवटी दिसणार आहे की जोडात झाकली जाणार आहे, एवढे कागदावर लिहून काढावे. बहुतेक छोट्या वस्तूंमध्ये आडवे सरळ कापच अधिक निघतात, म्हणून पहिली खरेदी त्यांच्यासाठी करावी.

पायरी २ : दात पाहावेत. उभ्या कापाच्या करवतीचे दात छोट्या पटाशीसारखे सपाट धारेचे असतात आणि ते तंतू खरवडून काढतात. आडव्या कापाच्या करवतीचे दात मात्र सुरीच्या टोकासारखे तिरके घासलेले असतात, त्यामुळे ते कापाच्या दोन्ही कडांवर तंतू आधी तोडतात आणि मगच मधला भुसा बाहेर काढतात. उभ्या कापाच्या करवतीने फळी आडवी कापली तर कडेचे तंतू उचकटतात, आणि तो दोष मग कितीही सँडपेपर घासला तरी पुरता जात नाही.

त्यानंतर दर इंचाला दात किती आहेत ते पाहावे. कापताना निदान तीन दात एकाच वेळी लाकडात असावेत, हा जुना आणि भरवशाचा नियम आहे. दर इंचाला 12 दात असतील तर दोन दातांमधले अंतर सुमारे 2 मिलिमीटर पडते. म्हणजे 6 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमध्ये जेमतेम तीन दात बसतात आणि त्याहून पातळ प्लायवूडसाठी बारीक दातच हवेत. याचा अर्थ दात जितके बारीक तितके चांगले, असा मात्र नाही. जाड लाकडात बारीक दातांमधल्या खाचा भुशाने भरून जातात, करवत नुसती घासत राहते आणि हात थकून रेषा सुटते. जोडाच्या कामाला दर इंचाला 12 ते 16 दात, तर मोठ्या फळ्या कापायला 7 ते 10 दात पुरेसे होतात.

पायरी ३ : पहिली करवत घ्यावी. एकच करवत घ्यायची असेल तर पाठीवर पितळी किंवा पोलादी पट्टी असलेली, आडव्या कापाची बारीक दातांची करवत घ्यावी. त्या पट्टीमुळे पाते वाकत नाही आणि काप सरळ येतो. मात्र पट्टी लाकडाला अडते, म्हणून खोल कापाला ही करवत चालत नाही. ओढताना कापणारी जपानी करवत हाही उत्तम पर्याय आहे. ओढल्यामुळे पाते ताणलेले राहते, त्यामुळे ते पातळ ठेवता येते आणि भुशात जाणारे लाकूड वाचते. र्‍योबा नावाच्या प्रकारात एका कडेला उभ्या आणि दुसऱ्या कडेला आडव्या कापाचे दात असतात. सुरुवात करणाऱ्याला ही सोय मोठी आहे. मात्र तिच्यावर जोर देऊ नये, पाते सहज मुरडते.

वळणांसाठी कोपिंग सॉ, म्हणजे धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेल्या अरुंद पात्याची करवत, घ्यावी. तिचे पाते स्वस्तात बदलता येते, आणि ते लावताना दात मुठीकडे ठेवले तर ओढीने कापताना ते वाकत नाही.

पायरी ४ : विजेच्या हत्यारांचा विचार नंतर करावा. एकसारखे बरेच तुकडे किंवा लांब वळणे कापायची असतील तेव्हाच जिगसॉचा, म्हणजे वरखाली हलणाऱ्या अरुंद पात्याच्या विजेच्या करवतीचा, खरा उपयोग होतो. तिच्या नेहमीच्या पात्याचे दात वर येताना कापतात, म्हणून छिलके वरच्या बाजूला निघतात. चांगली बाजू खाली ठेवावी. पुढे ढकलून कापायच्या हातकरवतीचे याच्या उलट आहे, तिथे चांगली बाजू वर ठेवावी. पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क असावा, आणि तुकडा हाताने न धरता क्लॅम्पने बांधावा.

पायरी ५ : उरलेल्या तुकड्यावर करवत पारखावी. गुण्या (काटकोन आखायचे साधन) लावून धारदार सुरीने रेषा ओढावी. पेन्सिलची रेषा जाड असते, सुरीची खाच मात्र कडेचे तंतू आधीच तोडून ठेवते. रेषेच्या टाकाऊ बाजूला पाते टेकवून अंगठ्याच्या पेराचा आधार द्यावा, तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवावी आणि आधी दोन-तीन वेळा हलकेच मागे ओढून खाच पाडावी. काप एका बाजूला ओढला जात असेल तर मनगट तपासावे. मनगट सरळ असूनही तो तिकडेच जात राहिला, तर त्या बाजूचे दात जास्त फाकलेले असण्याची शक्यता असते. शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये गती कमी करून सुटणारा तुकडा दुसऱ्या हाताने पेलावा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने तुटतो आणि कडेची एक चिलपी सोबत घेऊन जातो. काप रेषेच्या केसभर बाहेर ठेवून उरलेले लाकूड धारदार पटाशीने उतरवले, तर जोड घट्ट बसतो.