इंग्रजी मजकुरातला ‘फुटबॉल’ नेमका कोणता, हे कसे ओळखावे

इंग्रजी बातमी मराठीत आणताना ‘फुटबॉल’ हा शब्द दिसला की तो तसाच उतरवून पुढे जाऊ नये; बातमी कोणत्या देशात लिहिली गेली आहे, हे आधी पाहावे. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ आपल्या ओळखीचा, गोल चेंडू पायाने मारण्याचा खेळ असा होतो. अमेरिकेत तोच शब्द लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याच्या खेळाला लावतात. कॅनडातला खेळ अमेरिकेतल्या खेळाचाच सख्खा भाऊ असला तरी त्यात एका बाजूला 12 खेळाडू असतात. आणि आयर्लंडच्या ग्रामीण भागातून आलेल्या मजकुरात गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा आयरिश खेळ) अभिप्रेत असण्याची शक्यता मोठी असते.

ऑस्ट्रेलियात मात्र देश कळला तरी भागत नाही, शहरही पाहावे लागते. मेलबर्नचा माणूस ‘फुटी’ (फुटबॉलचे बोलीतले लाडके रूप) म्हणतो तेव्हा, ज्याचे नियम 1859 मध्ये त्याच शहरात लिहिले गेले तो ऑस्ट्रेलियन रूल्स हा लंबगोल चेंडूचा खेळ त्याच्या मनात असतो. सिडनीत त्याच शब्दाचा अर्थ बहुधा रग्बी लीग, म्हणजे रग्बीचा एक प्रकार, असा होतो. खूण हवी असेल तर गुण पाहावेत. 14.10 (94) अशी नोंद आढळली, तर 14 गोलांचे प्रत्येकी 6 आणि 10 ‘बिहाइंड’चे (गोलाच्या खांबांशेजारून गेलेल्या फटक्यांचे) प्रत्येकी 1 असे ते 94 गुण असतात आणि शंकेला जागा उरत नाही. तिथल्या गोल चेंडूच्या राष्ट्रीय संघटनेने 2005 मध्ये आपल्या नावातला ‘सॉकर’ काढून ‘फुटबॉल’ घेतला, पण पुरुषांचा संघ अजूनही ‘सॉकरूज’ म्हणूनच ओळखला जातो.

‘सॉकर’ दिसला म्हणजे लेखक अमेरिकन, हा निष्कर्षही घाईचा ठरेल. लंडनमध्ये 1863 साली फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि त्यातल्या ‘असोसिएशन’लाच कातरून इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी हा शब्द घडवला, त्यामुळे ‘सॉकर’ला अमेरिकी भ्रष्ट शब्द म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या आवडत्या इंग्रजांनाच जाब विचारावा.

‘हॉकी’ हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मजकुरात आला तर ती बर्फावरची समजावी. सामन्याच्या शीर्षकात ब्रिटिश लेखक यजमान संघ आधी लिहितात, तर अमेरिकन लेखक पाहुणा संघ आधी लिहितात. हे लक्षात न घेतल्यास सामना कुठे झाला हेच उलटे छापले जाते. क्रिकेटमध्येही ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रातले 3/150 आपल्याकडे 150/3 असे लिहावे लागते.

गावांच्या नावांत चकवा अधिक असतो. इंग्लंडमध्ये ‘रिव्हर थेम्स’ म्हणतात, अमेरिकेत ‘हडसन रिव्हर’. ‘काउंटी डरहम’ इंग्लंडमध्ये आहे, तर ‘डरहम काउंटी’ नॉर्थ कॅरोलायनात, म्हणजे नुसत्या शब्दक्रमावरून समुद्राचा कोणता काठ ते कळते. अमेरिकन लेखक गावापुढे बहुधा राज्याचे नाव जोडतो, आणि ते गाळण्याचा मोह अनुवादकाने टाळावा. 2022 च्या जुलैमध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वर्ल्ड गेम्स (मुख्यतः ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांची जागतिक स्पर्धा) झाले आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुल स्पर्धा सुरू झाल्या. सांगलीच्या संकेत सरगरचे आणि बीडच्या अविनाश साबळेचे रौप्यपदक दुसऱ्या बर्मिंगहॅममधले, तर अभिषेक वर्मा आणि ज्योती सुरेखा यांचे तिरंदाजीतले कांस्यपदक पहिल्यातले.