ईबेवर घासाघीस करताना या चुका टाळा

ईबे या ऑनलाइन बाजारात 'बेस्ट ऑफर'चं, म्हणजे मागणीपेक्षा कमी किंमत सुचवायचं बटण दिसलं की नवखा खरेदीदार पहिल्याच मिनिटाला निम्मी किंमत टाकून मोकळा होतो. आपण निम्मं म्हणायचं, समोरचा थोडा उतरेल, मग मध्ये कुठेतरी जमेल, असा त्याचा हिशोब असतो. समोरासमोर तो चालतोही. ईबेवर मात्र पुष्कळदा समोर माणूसच नसतो. विक्रेत्याला दोन आकडे आधीच लावून ठेवता येतात: अमुक रकमेच्या वरची ऑफर आपोआप स्वीकारायची, तमुक रकमेच्या खालची आपोआप नाकारायची. आणि एका वस्तूवर तुम्हाला करता येणाऱ्या ऑफर मोजक्याच असतात, बहुतेक विभागांत ५.

समजा, जुन्या कॅमेऱ्याची एक लेन्स १०,००० ला लावली आहे. विक्रेत्याने ७,००० च्या खालचं सगळं आपोआप नाकारायची सोय केली आहे आणि ७,५०० आले तर द्यायची त्याची तयारी आहे. खरेदीदार ४,००० ने सुरुवात करतो. नकार. ४,५००, नकार. मग ५,०००, ५,५००, ६,०००. दहा मिनिटांत पाचही ऑफर संपल्या आणि विक्रेत्याने त्यातली बहुधा एकही पाहिलेली नाही. सौदा ७,५०० ला सहज झाला असता. आता पूर्ण १०,००० भरा नाहीतर लेन्स सोडा, एवढंच उरलं. उतावळेपणाची ही किंमत आहे, आणि लोक ती रोज मोजतात.

नकार किती वेळात आला ते बघा. काही सेकंदांत आला तर तो यंत्राचा. अशा वेळी पाचशे-पाचशेने सरकत राहणं म्हणजे ऑफर जाळणं. थांबा, आणि पुढचा आकडा तुम्हाला खरोखर परवडणाऱ्या रकमेच्या जवळचा टाका. काही तासांनी नकार आला किंवा काउंटर ऑफर, म्हणजे विक्रेत्याने उलट सुचवलेली किंमत आली, तर समोर माणूस आहे. तिथे लहान पावलं चालतात. माझी रीत अशी: पहिली ऑफर मागणीच्या साधारण ८० टक्के, नकार आलाच तर एक दिवस जाऊ द्यायचा, आणि शेवटच्या दोन ऑफर कधीही घाईत वापरायच्या नाहीत.

अर्थात ८० टक्के कशाचे, हा खरा प्रश्न. मागणीची किंमत ही विक्रेत्याची इच्छा आहे. वस्तूचा भाव कळतो तो विकल्या गेलेल्या वस्तूंवरून. शोधाच्या फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स' निवडलं की साधारण मागच्या ९० दिवसांतले सौदे दिसतात. ही पायरी ज्यांना कंटाळवाणी वाटते त्यांनी घासाघीस करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथेही एक फसवी जागा आहे. काही सौद्यांवर किंमतीवर आडवी रेघ मारलेली असते आणि ऑफर स्वीकारल्याचा उल्लेख असतो. रेघ मारलेला आकडा म्हणजे मूळ मागणी. वस्तू प्रत्यक्षात त्याहून कमीत गेली, पण कितीत ते तिथे दिसत नाही. लोक नेमके हेच आकडे धरून सरासरी काढतात आणि भाव आहे त्याहून चढा समजून बसतात. असे सौदे बाजूला ठेवा. लिलावात बोलीने गेलेले आणि बिनरेघेचे पाच-सहा सौदे घ्या, त्यातला सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त सोडा, राहिलेल्यांत शिपिंग मिळवा, मग तुलना करा. १०,००० अधिक १,२०० शिपिंगपेक्षा 'फ्री शिपिंग'वाली १०,७०० ची लेन्स स्वस्त पडते. ऑफरचा आकडा सहसा फक्त वस्तूचा असतो, शिपिंग वर लागतं, हे विसरू नका.

भाव पाडण्यासाठी वस्तूला नावं ठेवणं ही दुसरी वाईट सवय. 'काच धुरकट दिसतेय, आत बुरशी असणार, निम्म्यात द्या.' असा निरोप वाचून विक्रेता उत्तरच देत नाही, काही जण सरळ ब्लॉक करतात. त्याऐवजी विचारा: 'लेन्सच्या मागून टॉर्च धरून समोरून एक फोटो पाठवाल का?' टॉर्चच्या उजेडात बुरशीचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे उठून दिसतात. दिसले, तर भाव उतरवायला पक्का आधार मिळाला. काच स्वच्छ असल्याचं विक्रेत्याने ईबेच्याच मेसेजमध्ये लिहून दिलं आणि वस्तू तशी निघाली नाही, तर परताव्यासाठी तोच पुरावा.

'नुसती जागा धरून ठेवू' म्हणून लिलावावर लहानशी बोली लावणं टाळा. पहिली बोली पडली की लिलावावरचा ऑफरचा पर्याय जातो, आणि बऱ्याच विभागांत 'बाय इट नाऊ', म्हणजे ठरलेल्या किंमतीला लगेच घेण्याचा पर्यायसुद्धा. म्हणजे घासाघिशीचं दार तुम्ही स्वतःच लावून घेतलंत.

एकाच वेळी तीन विक्रेत्यांना ऑफर पाठवू नका. ऑफर स्वीकारली गेली की ती खरेदी असते. तिन्ही स्वीकारल्या गेल्या तर तिन्ही तुमच्या. पैसे दिले नाहीत तर ४ दिवसांनंतर विक्रेता न भरल्याच्या कारणाने सौदा रद्द करू शकतो आणि त्याची नोंद तुमच्या खात्यावर राहते.

'बाहेर व्यवहार करू, फी वाचेल' याला कधीच हो म्हणू नका. नियमात बसत नाही, आणि परताव्याची हमी जाते.

वस्तू हातात आल्यावर वाईट फीडबॅकची धमकी देऊन पैसे परत मागणं ही घासाघीस नव्हे, खंडणी आहे. ईबेच्या नियमांतही त्याला बंदी आहे.

वस्तू वॉचलिस्टमध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या यादीत टाकून चार-पाच दिवस गप्प बसणं मात्र जरूर शिका. वॉच करणाऱ्यांना विक्रेता स्वतःहून कमी किंमतीची ऑफर पाठवू शकतो, आणि त्यात तुमची एकही ऑफर खर्च होत नाही. एकाच विक्रेत्याच्या दोन-तीन वस्तू घ्यायच्या असतील तर एकत्र शिपिंगचं पैसे भरण्याआधी विचारा. भरल्यावर त्याने फरक परत करावा, ही फक्त विनंती उरते.

लिलाव हरलात तरी घाईने दुसरी वस्तू उचलू नका. जिंकणाऱ्याने पैसे दिले नाहीत किंवा विक्रेत्याकडे आणखी नग असला, तर ६० दिवसांपर्यंत 'सेकंड चान्स ऑफर' येऊ शकते. तिची किंमत म्हणजे तुमची सर्वोच्च बोली, आणि ती घेण्याचं बंधन नाही. अशी ऑफर ईमेलने आली तर त्यातल्या लिंकवर क्लिक न करता आधी खात्यात लॉगिन करून ईबेच्या मेसेजमध्ये ती दिसते का ते बघा. तिथे नसेल तर ईमेल खोटा समजा आणि पुसून टाका.