पाण्याखालचा टॉर्च बांधायचा कसा, अडकवायचा कुठे

टॉर्च हातातून सुटला की पुढे तो कुठे जाणार, हे पाण्याबाहेर मारलेल्या गाठीवर ठरतं. बांधणीकडून दोनच अपेक्षा. न बघता, एका हाताने, हातमोज्यासकट तो अडकवता आणि सोडवता यावा. आणि हूक जाम झालाच, तर सुरीने कापून मोकळं होता यावं. ही दुसरी अपेक्षा बरेच जण विसरतात. टॉर्चला धातूची रिंग, रिंगेत हूक, हूक हार्नेसच्या (अंगावरच्या पट्ट्यांच्या) डी-रिंगमध्ये, म्हणजे डी आकाराच्या कडीत, अशी नुसती धातूची साखळी केली की डायव्हरची सुरी तिथे काहीच कामाची नाही. म्हणून टॉर्च आणि हूक यांच्यामध्ये दोरी हवीच.

हूक बोल्ट स्नॅपच घ्या. त्याची खिटी अंगठ्याने मागे ओढली तरच तोंड उघडतं. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरचं दार आतल्या बाजूला नुसतं ढकललं की उघडतं. मासेमारीची दोरी किंवा जाळं त्यावर दाबलं गेलं तर ते आपोआप आत जाऊन बसतं आणि दार मागे मिटतं. आत जायला हात लागत नाही, बाहेर काढायला मात्र लागतो! दोन्ही टोकांना खिटी असलेला बोल्ट स्नॅप दोरीच्या रीळसाठी ठीक, टॉर्चसाठी नको. घाईत चुकीचं टोक उघडलं की हूक छातीवर राहतो आणि टॉर्च तळाला. धातू 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील किंवा पितळ असावं. मुलामा दिलेल्या स्वस्त हुकाचा मुलामा खाऱ्या पाण्यात सुटतो, आतलं धातू खराब होतं आणि खिटी अडकायला लागते. साधारण 9 सेंमी लांबीचा हूक उघड्या हाताला पुरतो. जाड हातमोजे असतील तर एक माप मोठा घ्या.

आता गाठ. साधारण 2 मिमी जाडीची विणीची नायलॉन दोरी 40 सेंमी कापा आणि दोन्ही टोकं लायटरवर वितळवून घ्या. टॉर्चच्या शेपटाकडचं भोक आणि हुकाची मागची कडी यांतून दोरीचे दोन-तीन वेढे काढा. वेढे आवळताना टॉर्च आणि हूक यांच्यात एक बोट आडवं धरा, म्हणजे तेवढीच फट राहते. फट नसेल तर सुरीचं पातं आत शिरत नाही आणि हूक नीट फिरत नाही. फट चार बोटांची झाली तर टॉर्च लोंबकळतो आणि प्रत्येक खडकात अडकतो. वेढ्यांच्या मध्यभागी दोरीचं एक टोक गुंडाळून घट्ट करा, मग निरगाठ मारा आणि तिच्यावर आणखी एक गाठ. सुरगाठ चालणार नाही, ती हिसक्याने सुटते. उरलेली टोकं 5 मिमीवर कापून वितळवा आणि सुरीच्या सपाट बाजूने दाबून बसवा. गार झाल्यावर टॉर्च एका हातात, हूक दुसऱ्या हातात धरून जोरात ओढा. गाठ सरकली तर पुन्हा बांधा.

टॉर्चला भोकच नसेल, तर शेपटाकडच्या खाचेत दोरी आवळून बांधा आणि ती सरकू नये म्हणून वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा चढवा. फिरवून पेटणाऱ्या टॉर्चच्या डोक्यावर मात्र पट्टा किंवा दोरी येऊ देऊ नका. ओढाताणीत डोकं फिरतं. टॉर्च नकळत पेटून बॅटरी संपते, किंवा डोकं इतकं ढिलं होतं की ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) उघडी पडून पाणी शिरतं.

मुख्य टॉर्च डाव्या हातात असतो, कारण गरज पडली तर उजव्या हाताने सोबत्याला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात तो तोंडातला भाग) द्यायचा असतो. हात मोकळा हवा असेल तेव्हा टॉर्च उजव्या खांद्याच्या पट्ट्यावरच्या डी-रिंगला अडकवायचा. अंगठ्याने खिटी मागे ओढून धरा, त्याच हाताच्या मधल्या बोटाने डी-रिंग चाचपा, हुकाचं तोंड तिच्यावर सरकवा आणि अंगठा सोडा. नंतर एक हिसका द्या. ‘टक्’ आवाजावर विसंबू नका, खिटीच्या खाचेत वाळू असली तर ती अर्धवटच मिटते. लांब होज (रेग्युलेटरची हवेची नळी) वापरत असाल तर इथेच खरी चूक होते: होज टॉर्चच्या किंवा, बॅटरी वेगळी असेल तर, त्याच्या वायरच्या खाली दाबला जातो. एरवी कळत नाही. हवा द्यायच्या वेळी होज अर्ध्यावर अडकतो. म्हणून टॉर्च अडकवला की होज थोडा पुढे ओढून तो मोकळा आहे ना ते पाहा.

अडकवलेला टॉर्च पेटता ठेवू नका. छातीवर हेलकावे खाणारा झोत सोबत्याला डावी-उजवीकडे वेगाने हलताना दिसतो, आणि टॉर्चच्या खुणांत त्याचा अर्थ संकट असा होतो. तो धावत येईल, आणि दोन-तीनदा फसल्यावर खऱ्या वेळी येणार नाही.

हातात धरायला गुडमन हँडल सगळ्यात सोयीचं. ते तळहातावरून जातं, टॉर्च हाताच्या पाठीवर बसतो आणि बोटं मोकळी राहतात. ज्या हातमोज्याने डाइव्ह करणार, तोच घालून माप बसवा. हँडल असलं तरी हूक काढून टाकू नका. हँडल हातातून काढल्यावर टॉर्च अडकवायला तोच लागतो.

मनगटाची दोरी उथळ, साध्या डाइव्हला चालते. तिच्या सरकत्या मण्याने फास एवढाच आवळा की दुसऱ्या हाताने खेचून तो निघेल. ओढल्यावर आपोआप आवळत जाणारा फास घेऊ नका, कारण टॉर्च कपारीत अडकला की त्याच्यासोबत हातही अडकतो. स्प्रिंगने आत ओढली जाणारी दोरी, म्हणजे रिट्रॅक्टर, आमच्या मते टॉर्चसाठी टाळावा. वाळूने चकती अडते, आणि दोरी पूर्ण बाहेर असताना अडली तर टॉर्च मीटरभर खाली लोंबतो.

राखीव टॉर्चची जागा वेगळी. हूक खांद्याच्या डी-रिंगला, टॉर्च पट्ट्याला समांतर, तोंड खाली, आणि बॉडीवर ट्यूबच्या रबराचा साधारण 2 सेंमी रुंद पट्टा. वापरताना आधी तो जागच्या जागी पेटवा, मग रबरातून खाली खेचून काढा, आणि हूक शेवटी सोडा. कित्येकदा सोडायची गरजही पडत नाही. ठेवताना क्रम उलटा: हूक लावा, रबरात घाला, शेवटी विझवा. म्हणजे पूर्ण वेळ उजेड असतो आणि हातातून निसटला तरी टॉर्च अंगावरच राहतो.

हे सगळं कोरड्या जमिनीवर, पूर्ण साज चढवून, हातमोजे घालून आणि डोळे मिटून वीसएक वेळा करा. तेव्हा टॉर्च विझलेलाच ठेवा. काही जास्त ताकदीचे टॉर्च पाण्यानेच गार राहतात आणि हवेत फार तापतात.

डाइव्हनंतर हूक गोड्या पाण्यात बुडवा आणि बुडवलेला असतानाच खिटी दहा-बारा वेळा मागेपुढे करा. नुसतं वरून धुतलं तर खाचेतलं मीठ तसंच राहतं. दोरीला लव सुटलेली दिसली की ती बदला. रबराचा पट्टा ताणून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर तोही बदला.